डावीकडून उजवीकडे जाणारी होडी

रविवारी संध्याकाळी सात वाजून एकवीस मिनिटांनी भाईंदरजवळच्या पालीच्या खडकांसमोरून एक छोटी होडी समुद्रात गेली. होडीत एकच माणूस होता. शेजारच्या तारोडीचा धर्मा, वय त्रेसष्ट. तो परत आलेला नाही.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती कॅमेऱ्यानं नोंदली. कॅमेरा सुचेता नाबरचा होता. वय अठ्ठेचाळीस, अंधेरीला विमा कंपनीत नोकरी, राहायला मीरा रोड. आठ वर्षांपूर्वी दादरची खोली विकून तिचं कुटुंब इकडे आलं. त्या संध्याकाळी तिच्याबरोबर फोटो काढायला आलेले अकरा जण खाली रस्त्यावर वडापावच्या गाडीशी गेले होते. गावातले बहुतेक लोक एका लग्नाला गेले होते. त्यामुळे होडी जाताना पाहणारं दुसरं कोणी किनाऱ्यावर नव्हतं. आणि सुचेतानं ती पाहिली, असं म्हणणंही कठीण आहे. ती उजेड पाहत होती.

उजेड पाहायला तिला काशीनाथ सरांनी शिकवलं होतं. सरांचा भाईंदर पश्चिमेला तीस वर्षं स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी. मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद झाला. गेली चार वर्षं ते दर उन्हाळ्यात रविवारचा वर्ग घेतात. फी नाही, चहा ज्याचा त्याने.

"उन्हाळा फोटोवाल्याचा शत्रू नाही," ते पहिल्याच रविवारी सांगत. "फक्त त्याच्या भेटायच्या वेळा ठरलेल्या आहेत. दहा ते चार कॅमेरा पिशवीत. दुपारचं ऊन डोळ्यांखाली खड्डे पाडतं. लग्नात मी अशा किती नवऱ्या म्हाताऱ्या केल्यात, त्यांच्या सासवांना विचारा."

मे महिन्यातली धुरकट हवा म्हणजे फुकटचा पडदा, असं ते म्हणत. मागचं सगळं पुसलं जातं, उरतो फक्त आकार. सूर्य बुडाला की बाकीचे लोक घरी जातात, तेव्हा आपण वीस मिनिटं थांबायचं. काळी आकृती काढायची तर ती पूर्ण काळी करायची, अर्धवट राखाडी ठेवायची नाही. आणि हलणारी वस्तू शक्यतो डावीकडून उजवीकडे जाऊ द्यायची.

"आपण वाचतो तसे फोटोही बघतो. डावीकडून उजवीकडे गेला तर माणूस निघाला असं वाटतं. उलटा गेला तर परत आला असं वाटतं."

"आणि सर, तो उलटाच जात असेल तर?" कुणीतरी विचारलं होतं.

"तर मग मोबाइल कशाला दिलाय देवानं? एक बोट लाव, आरशातल्यासारखा फिरव."

आणखी एक नियम होता, रीळ महाग असतानाच्या काळातला. एका रविवारचे सातच फोटो ठेवायचे. ते त्याच रात्री निवडायचे, बाकीचे पुसायचे, कार्ड रिकामं करायचं. वर्गातले बरेच जण हा नियम पाळत नसत. सुचेता पाळत असे.

त्या रविवारी तिनं एकशे त्रेचाळीस फोटो काढले. घरी आल्यावर सात निवडले. सातपैकी तीन फिरवले. काळोख वाढवला, केशरी रंग किंचित वर नेला, मूळ फोटोंवरच नवे जतन केले आणि कार्ड पुसलं. नऊ पन्नासला वर्गाच्या ग्रुपवर सातही टाकले. होडीच्या फोटोखाली तिनं एकच शब्द लिहिला होता : निघाला.

नवरा जितेंद्र टीव्हीसमोर होता. तिनं फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "कॅलेंडरवर शोभेल." तिला ते आवडलं होतं.

*

धर्मा पहाटे परत येत असे. सोमवारी सात वाजले तरी आला नाही. त्याची बायको जिजाबाई आठपर्यंत वाट पाहून पुतण्याकडे गेली. पुतण्या प्रणय, एकतीस वर्षांचा, कुरिअरच्या गोदामात कामाला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो साहजिकच होता. काका कुठं गेला?

जिजाबाईला माहीत नव्हतं. समुद्रावर निघालेल्याला कुठं चाललास म्हणून विचारत नाहीत. विचारलं तर अपशकुन, रिकामी होडी परत येते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ते कधी विचारलं नव्हतं. धर्माच्या जाळं टाकायच्या जागा दोन होत्या. एक उत्तरेला, वसईच्या खाडीच्या तोंडाबाहेर. दुसरी दक्षिणेला, गोराई-मनोरीच्या समोर. कुठल्या जागी जायचं ते तो पाण्यात उतरल्यावर ठरवत असे. त्याचा फोन लागत नव्हता. होडी लहान, इंजिन जुनं, होडीत एक माणूस आणि पाण्याचा पाच लिटरचा एक डबा.

पालीतल्या चार बोटी शोधाला तयार झाल्या. दोन्ही बाजूंचं पाणी धुंडाळायला चार बोटी पुरत नाहीत. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर तो फोटो आला. वर्गाच्या ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्यावर. होडी काळी होती, माणूस काळा होता, पण पुढच्या टोकाला बांधलेली वाकडी काठी आणि पोक आलेली पाठ प्रणयनं लगेच ओळखली. दहा वाजून पाच मिनिटांनी त्यानं ग्रुपवरून नंबर मिळवून सुचेताला फोन केला. ती ऑफिसात होती.

"सुचेता मॅडम का? मी प्रणय, तारोडीवरून बोलतोय. ग्रुपवर काल होडीचा फोटो टाकलाय, तो तुमचा ना?"

"हो, माझाच. का हो, आवडला?"

"त्यात माझा काका हाय. तो आला नाय अजून."

ती उठून बाहेर जिन्यात गेली. तिनं कॅमेऱ्यातली वेळ सांगितली, उभी राहिली ती जागा सांगितली.

"खडकावर. तोंड समुद्राकडं," प्रणय म्हणाला. "म्हणजे होडी उजव्या हाताला गेली. वसईच्या बाजूला."

"हो. फोटोत दिसतंय तसंच," सुचेता म्हणाली. "सापडले की मला नक्की कळवा हं."

"कळवतो, ताई. तुमचा फोटो नसता तर आम्ही आंधळ्यासारखे फिरलो असतो."

चारही बोटी उत्तरेला गेल्या. पोलिसांत तक्रार लिहिली गेली, तीत शेवटची दिशा उत्तर अशी पडली. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी खाडीच्या तोंडापासून अर्नाळ्याच्या पुढेपर्यंत पाणी पाहिलं. मंगळवारी पहाटे पुन्हा तेच पाहिलं, आणखी आत जाऊन.

*

मंगळवारी दुपारी बारा पन्नासला काशीनाथ सरांनी ग्रुपवर आठवड्याचे शेरे टाकले. दर मंगळवारी टाकत. सुचेताच्या सात फोटोंपैकी दुसरा राई गावच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्याचा होता. त्याखाली त्यांनी लिहिलं : "सायकलची चेन डाव्या बाजूला आलीय. कारखान्यात अशी सायकल बनत नाही. फिरवायला हरकत नाही, पण चोरी पकडली जाऊ नये." पुढे हसरा चेहरा.

सुचेतानं डबा उघडला होता. तो तिनं तसाच बंद केला.

तीन फोटो फिरवले होते, एवढं तिला आठवत होतं. एक सायकलवाला. एक वाळत घातलेल्या बोंबलांसमोरून जाणारी बाई. तिसरा कुठला, ते आठवेना. चौथ्या फोटोतलं कुत्रं असेल. किंवा होडी असेल. तिनं डोळे मिटून मनानं पुन्हा खडकांवर उभं राहून पाहिलं. केशरी पट्टा आठवला, काळा आकार आठवला, इंजिनाचा आवाज आठवला. आवाज कुठून कुठे गेला ते आठवलं नाही.

तिनं सरांना फोन लावला.

"सर, तो होडीचा. तो पण मी फिरवलाय का?"

"मला कसं माहीत? तू काढलास."

"मला आठवत नाहीये."

"मूळ फोटो बघ ना."

"मूळ नाहीये, सर. सात ठेवले, त्यांच्यावरच सेव्ह केलं, कार्ड पुसलं." ती थांबली. "तुम्हीच सांगता."

पलीकडे सरांनी पंखा बंद केला.

"हे बघ सुचेता," सर म्हणाले, "आधी खात्री कर. लोक दोन दिवस उन्हात फिरतायत. तू आता उलटं सांगितलंस आणि तेच चुकीचं निघालं तर?"

"आणि बरोबर निघालं तर?"

"म्हणून म्हणतो, खात्री कर."

खात्री करायला ती तीन वाजता ऑफिसातून निघाली. साडेचारला घरी पोचली. लॅपटॉप, मोबाइल, पुसलेल्या फोटोंची टोपली, सगळं पाहिलं. पुसलेले फोटो परत आणणारं एक अ‍ॅप जितेंद्रनं उतरवून दिलं. त्यातून जुन्या गणपतीचे चौदा फोटो निघाले, रविवारचा एकही नाही. कार्डावर तिनं सोमवारी सकाळी गच्चीतल्या कबुतरांचे फोटो घेतले होते, ते रविवारच्या फोटोंवर चढले होते.

"फोन कर आणि सांग, कदाचित," जितेंद्र म्हणाला.

"कदाचित म्हटल्यावर कोणी बोट फिरवतं का?"

"मग जाऊन सांग. पण मी काय म्हणतो, एकटी जाऊ नकोस. लोक चिडलेले असणार. मी येतो."

"तू नको. तू आलास की मला तुझ्यामागे उभं राहायची सवय आहे."

ती साडेसहाला लॅपटॉप घेऊन निघाली. रिक्षावाला तारोडीला यायला तयार नव्हता. "उधर से वापसी की सवारी नहीं मिलती, मॅडम." तिनं परतीचेही पैसे कबूल केले. शेरा वाचल्यापासून तारोडीला पोचेपर्यंत सहा तास पन्नास मिनिटं गेली होती.

*

धर्माचं घर तीन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत दहा-बारा माणसं होती. चटईवर जिजाबाई बसली होती, हिरवं लुगडं, हातात काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. प्रणय नुकताच बोटीवरून आला होता. त्याच्या मानेवरची कातडी भाजून लाल झाली होती.

सुचेतानं उभ्यानंच सांगितलं. अडखळत, मागंपुढं करत सांगितलं, पण सांगितलं.

"म्हणजे?" प्रणय म्हणाला. "फिरवलाय की नाय फिरवला?"

"मला खात्री नाही."

"खात्री नाय? मी सोमवारी तुम्हाला विचारलं. तुम्ही हो बोललात. दोन दिवस आम्ही वसईचं पाणी घुसळतोय, आणि तुम्ही आता बोलताय खात्री नाय?"

"हल्लू बोल," जिजाबाई म्हणाली. "बाय दारात आलीय." मग सुचेताला म्हणाली, "कंचा फोटू? मना दाव."

प्रणयनं मान वळवली. "काकी, तुला काय कळणार त्यात? काळं काळं हाय सगळं."

"मना कुनी दावलाच न्हाय. दोन दिस सगल्या गावानं बगला. मना कुनी इचारलं न्हाय."

ते खरं होतं. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. जिजाबाईकडे मोबाइल नव्हता.

सुचेता चटईवर बसली आणि तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर होडी मोठी झाली. जिजाबाई पुढं वाकली. काही क्षण तिनं फक्त त्या पोक आलेल्या पाठीकडे पाहिलं.

"कुशीचं ठिगल दिसत न्हाय," ती म्हणाली.

"कसलं ठिगळ?"

"व्हडी खडकाला घासली व्हती, पोरच्या साली, गेल्या वर्सी. ह्यानं नवीन फायबर चोपडलं. हाताएवडं. रंग मारायचा रायलाच. पांडरं हाय. मी धरून बसलेली ना, दोन तास."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

सुचेतानं काळोख कमी करायला सुरुवात केली. रविवारी रात्री जे केलं होतं ते ती आता उलटं करत होती, एकेक टप्पा. फोटोचा काळा भाग आधी तपकिरी झाला, मग मातकट, ठिपक्याठिपक्यांचा. आकाश पांढरं पडलं. फोटो म्हणून त्यात काही उरलं नाही. पण होडीच्या अंगावर, मधोमध, पाण्याच्या जरा वर, एक फिकट चौकोनी डाग दिसायला लागला.

"ह्यो बग," जिजाबाई म्हणाली. "ह्योच."

पडवीतली माणसं जवळ आली. कुणालाच पटकन हिशोब लागेना. प्रणयनं पायातली चप्पल काढली, पुढचं टोक फोटोतल्या होडीसारखं उजवीकडे केलं आणि पडद्यासमोर धरली.

"तोंड उजवीकडं. आपल्याकडं दिसते ती बाजू..." त्यानं चपलेच्या कडेवर बोट ठेवलं. "ही उजवी. ठिगळ उजव्या बाजूला आलंय."

"आनि हाय डाव्या," जिजाबाई म्हणाली.

प्रणयनं चप्पल फिरवली. टोक डावीकडे. मग ती खाली टाकली आणि तो फोन घेऊन अंगणात गेला. "लवू, बोट लाव," त्याचा आवाज आला. "गोराईकडं. हो रे, उलटं. सगळं उलटं. मी आलो की सांगतो."

पडवी रिकामी झाली. दोघी बायका उरल्या. लॅपटॉपचा पंखा चालू होता.

"बाय," जिजाबाईनं विचारलं, "उलटा कशाला केला?"

सुचेतानं खरं ते सांगितलं. "चांगला दिसतो म्हणून."

"सरल वंगाल दिसत व्हता?"

जिजाबाई उत्तरासाठी थांबली नाही. ती उठून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनं पाण्याचा तांब्या आणून सुचेतासमोर ठेवला आणि पुन्हा आपल्या जागी बसली.

पहिली बोट आठ वाजून पस्तीस मिनिटांनी दक्षिणेला निघाली. होडी दिसल्याला तोवर एकोणपन्नास तास झाले होते.

*

बुधवारी आणि गुरुवारी सहा बोटी गोराईपासून मढच्या पुढेपर्यंत फिरल्या. बुधवारी अकराच्या सुमाराला मनोरीसमोर धर्माचं जाळं सापडलं. जागेवर होतं, नीट टाकलेलं, आत अडकलेली मासळी कुजलेली. म्हणजे तो तिथपर्यंत पोचला होता आणि त्यानं आपलं काम केलं होतं. होडी तिथे नव्हती. वारा वायव्येचा होता, तो होडीला आणखी दक्षिणेला ढकलतो आणि ओहोटी बाहेर ओढते, असं जुन्या माणसांनी सांगितलं.

गुरुवारी सुचेतानं पोलीस ठाण्यात जबाब दिला. फोटो मूळ स्थितीत आहे का, या प्रश्नाला तिनं नाही असं उत्तर दिलं. बदल कोणते केले, ते तिनं क्रमानं सांगितलं. लिहून घेणाऱ्या हवालदारानं एकदाच वर पाहिलं. "नाबर मॅडम, यात गुन्हा असा काही बसत नाही," तो म्हणाला. त्यानं तिला बरं वाटावं म्हणून ते म्हटलं असावं. तिनं जबाबाखाली सही केली.

काशीनाथ सरांनी वर्ग बंद केला. ग्रुपवर त्यांनी फक्त "या रविवारी नाही" असं लिहिलं. सुचेतानं फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मंगळवारी मी तुला थांबवलं. ते मी माझ्या नावावर धरलंय. तू ते तुझ्या नावावर धरू नकोस."

"तुम्ही थांबवलंत, पण मी थांबले, सर," ती म्हणाली.

जितेंद्र तिला म्हणाला की तू सांगायला गेलीस हे काही थोडं नाही. ती म्हणाली, मंगळवारी.

शनिवारी संध्याकाळी मढचा एक खलाशी प्रणयला शोधत पालीला आला. नाव ईश्वर. त्याची बोट आठवडाभर बाहेर होती. बंदरात आल्यावर त्यानं धर्माची बातमी ऐकली. त्यानं सांगितलं ते असं. सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला, मनोरीच्या नैर्ऋत्येला, किनारा दिसेनासा झाल्यावर, त्यांना एक छोटी होडी दिसली होती. इंजिन वर उचललेलं होतं. आत एक म्हातारा बसला होता. त्यानं हात वर केला. बोटीवरच्यांनी हात वर केला. म्हातारा मासे धरतोय असं समजून ते पुढे गेले.

म्हाताऱ्यानं हात एकदाच वर केला होता की हलवत राहिला होता, हे प्रणयनं ईश्वरला तीन वेळा विचारलं. ईश्वरला आठवत नव्हतं. तिसऱ्या वेळी तो रडायला लागला, तेव्हा प्रणयनं विचारणं थांबवलं.

सोमवारी दुपारी चार वाजता चारही बोटी अर्नाळ्यापुढे होत्या.

हे सगळं प्रणयनं रात्री आठ वाजता सुचेताला फोन करून सांगितलं. आवाज वर न चढवता, एखादा पत्ता सांगावा तसं. काकीनं कळवायला सांगितलं म्हणून कळवतोय, असं तो शेवटी म्हणाला. काकी कशी आहे, असं सुचेतानं विचारलं. काकीनं हिरवं लुगडं बदललेलं नाही आणि कुणी बदलायला सांगायचं नाही, असं तिनं बजावलंय, एवढं त्यानं सांगितलं.

मासेमारीची बंदी एक जूनला सुरू होते. त्यानंतर बोटी वर ओढल्या जातील. सहापैकी चार बोटी आपापल्या कामाला परतल्या आहेत. उरलेल्या दोन रविवारी सकाळी सहा वाजता ईश्वरला बरोबर घेऊन त्यानं दाखवलेल्या पाण्याकडे निघाल्या. दुपारी बारा वाजेपर्यंत त्यांच्याकडून काही कळलेलं नाही.